जनगणनेच्या तक्त्यांतून दोन जिल्हे वाचताना

जून २०२५ च्या अखेरीस आमच्या गटाच्या बैठकीत एक काम माझ्याकडे आले. कमी पटाच्या शाळांविषयी शिक्षण विभागाला निवेदन द्यायचे होते आणि त्याच्या जोडीला रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या कशी बदलत गेली, याचे आकड्यांनिशी टिपण हवे होते. मी भाषेची पदवीधर आहे. लोकसंख्याशास्त्राचा अभ्यास मी कधी केलेला नव्हता आणि एक्सेलमध्ये बेरीज व सरासरी यांपलीकडे माझी गती नव्हती. ते टिपण डिसेंबरमध्ये पूर्ण झाले. या सहा महिन्यांत मी कुठे अडले, कुठे चुकले आणि कशासाठी किती थांबावे लागले, हे क्रमाने लिहून ठेवत आहे, कारण आपल्या तालुक्याचा असाच हिशेब मांडू पाहणारे लोक आता मला विचारतात आणि त्यांचे प्रश्न बहुधा माझ्याच जुन्या प्रश्नांसारखे असतात.

पहिली अडचण सर्वांना ठाऊक असलेलीच होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. १६ जून २०२५ रोजी पुढील जनगणनेची अधिसूचना निघाली आणि तिच्यात देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते ती तारीख, ठरली. म्हणजे जिल्ह्याचा प्रत्यक्ष मोजलेला शेवटचा आकडा १ मार्च २०११ चा आहे आणि तोच आधार धरून काम करावे लागणार होते. गटातील एकदोघांनी सुचवले की इंटरनेटवर ‘२०२५ ची अंदाजित लोकसंख्या’ जिल्हावार मिळते, ती घ्यावी. मी ती संकेतस्थळे पाहिली. त्यांतील बहुतेकांनी २००१ ते २०११ या दशकातील वाढीचा दर तसाच पुढे ओढला होता किंवा राज्याचा दर जिल्ह्याला लावला होता, आणि कोणती रीत वापरली हे कुठेही सांगितले नव्हते. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेले २०११ ते २०३६ चे प्रक्षेपण, म्हणजे पुढील वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज, विश्वासार्ह आहे, पण ते देश आणि राज्य या पातळीवरचे आहे. जिल्ह्यासाठी त्यात काही नाही. त्यामुळे आपले टिपण २०११ ला थांबेल आणि तसे त्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले असेल, असे मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गटाला कळवले. यावर थोडी नाराजी झाली. तरीही त्या वेळी घेतलेला हा निर्णय पुढे सर्वांत उपयोगी ठरला, असे मला वाटते.

५ जुलैपासून मी जनगणनेच्या संकेतस्थळावरून तक्ते उतरवून घेऊ लागले. त्यासाठी काहीही शुल्क नाही आणि नोंदणीची अट मला कुठे आली नाही, मात्र नेमके कोणते तक्ते हवेत हे आधी ठरवले नाही तर माणूस तिथे हरवून जातो. माझे पहिले चार दिवस असेच गेले. शेवटी लागले ते एवढेच: १९०१ पासूनची दशवार्षिक वाढ देणारा ए-२, गाव-वॉर्डापर्यंतची लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुले, साक्षर आणि कामकरी यांचे आकडे देणारा प्राथमिक जनगणना गोषवारा, वयांसाठी सी-१३ आणि सी-१४, आणि स्थलांतरासाठी डी मालिका. नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रथम ए-२ उघडावा. त्यात जिल्ह्याची जुनी लोकसंख्या आजच्या हद्दीनुसार जुळवून दिलेली असते, आणि सिंधुदुर्गच्या बाबतीत ती जुळवणी अत्यावश्यक आहे, कारण हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. जुन्या ग्रंथांतील ‘रत्नागिरी’ म्हणजे आजचे दोन्ही जिल्हे, हे लक्षात न घेता कोणी तुलना केली, तर तेथे घडलेलीच नाही अशी प्रचंड घट त्याला दिसेल.

गोषवाऱ्याची फाईल उघडली आणि मी पहिली मोठी चूक केली. तालुक्यांची बेरीज केली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या बत्तीस लाखांच्या वर गेली. मी दोन संध्याकाळी सूत्र तपासत राहिले, पण सूत्रात दोष नव्हता. त्या फाईलमध्ये प्रत्येक एककासाठी एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा तीन ओळी असतात, आणि मी त्या तिन्ही एकत्र मिळवल्या होत्या. तेव्हापासून कोणतीही फाईल हाती घेतली की मी प्रथम जिल्ह्याची बेरीज ज्ञात आकड्याशी ताडून पाहते. रत्नागिरीसाठी १६,१५,०६९ आणि सिंधुदुर्गसाठी ८,४९,६५१ हे दोन आकडे मी कागदावर लिहून भिंतीवर लावले. आणखी एक बारकावा येथेच सांगते: संकेतांकांच्या (जिल्हा, तालुका, गाव यांना दिलेल्या क्रमांकांच्या) रकान्यातील सुरुवातीची शून्ये एक्सेल गिळून टाकतो, म्हणून फाईल उघडताना तो रकाना मजकूर म्हणूनच घ्यावा.

दुसऱ्या एका गोष्टीत तीन दिवस गेले. रत्नागिरीची घट काही बातम्यांत ४.९६ टक्के होती, माझ्या हिशेबात ती ४.८२ टक्के येत होती. चूक माझीच असणार असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात २०११ च्या मार्चअखेरीस जाहीर झालेले आकडे तात्पुरते होते आणि त्यांत जिल्ह्याची लोकसंख्या १६,१२,६७२ होती. अंतिम आकडा नंतर आला. दोन्ही टक्केवाऱ्या आपापल्या जागी बरोबर आहेत. टिपणात एकदा अंतिम आकडे घेतले की सर्वत्र अंतिमच घ्यावेत आणि जुन्या कात्रणांतील टक्केवारी तशीच उचलू नये.

जुलै संपेपर्यंत मूळ चित्र हाती आले. रत्नागिरीची लोकसंख्या १९९१ मध्ये १५,४४,०५७, २००१ मध्ये १६,९६,७७७ आणि २०११ मध्ये १६,१५,०६९ होती. सिंधुदुर्गची अनुक्रमे ८,३२,१५२, ८,६८,८२५ आणि ८,४९,६५१ होती. म्हणजे आधीच्या दशकात सुमारे ९.९ आणि ४.४ टक्क्यांनी वाढलेले हे जिल्हे नंतरच्या दशकात ४.८२ आणि २.२१ टक्क्यांनी घटले. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र १५.९९ टक्क्यांनी वाढला. राज्यात या दोघांखेरीज केवळ मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या कमी झाली, आणि तिथली घट याहून मोठी, ७.५७ टक्के, असली तरी तिची कारणे वेगळी आहेत: तिथली कुटुंबे शहराच्याच विस्तारात उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सरकली.

या टप्प्यावर मला वाटले होते की टिपण जवळजवळ तयार आहे. कारण आम्हां सर्वांच्या मनात एक स्पष्टीकरण आधीच बसलेले होते. पुरुष मुंबईला जातात, बायका, मुले आणि म्हातारी माणसे गावी राहतात. गिरण्यांच्या काळापासून कोकणाचे हेच चित्र रंगवले गेले आहे, आणि ते खोटे नाही. २०११ मध्येही रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. तेव्हा ‘पुरुषांचे स्थलांतर वाढले, म्हणून लोकसंख्या घटली’ असे एक वाक्य मी लिहूनही टाकले.

१२ ऑगस्टच्या रात्री, केवळ तक्ता पूर्ण व्हावा म्हणून, मी दोन्ही जनगणनांतील पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या रकान्यांत मांडल्या. रत्नागिरीत पुरुष ७,९४,४९८ वरून ७,६१,१२१ झाले होते, म्हणजे ३३,३७७ ने कमी. स्त्रिया ९,०२,२७९ वरून ८,५३,९४८ वर आल्या होत्या, म्हणजे ४८,३३१ ने कमी. सिंधुदुर्गची वजाबाकी मी तीनदा केली, कारण उत्तरावर विश्वास बसेना. तिथे पुरुष ४,१७,८९० वरून ४,१७,३३२ झाले होते: दहा वर्षांत फक्त ५५८ ने कमी. स्त्रिया मात्र ४,५०,९३५ वरून ४,३२,३१९ वर आल्या होत्या. १८,६१६ स्त्रिया कमी. जिल्ह्याची जवळपास सगळी घट स्त्रियांच्या रकान्यात होती.

माझे वाक्य मी त्याच रात्री खोडले. पुरुषांचे जाणे वाढल्यामुळे घट झाली असती तर स्त्रियांचे प्रमाण वाढायला हवे होते. ते रत्नागिरीत ११३६ वरून ११२२ वर आणि सिंधुदुर्गात १०७९ वरून १०३६ वर आले होते. मी दुसऱ्या टोकाकडेही पाहिले. आजच्या पालघरसह असलेल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात स्त्रियांचे प्रमाण त्याच काळात ८५८ वरून ८८६ वर गेले होते आणि मुंबई उपनगरात ८२२ वरून ८६० वर. ठाण्याची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे २९ लाखांनी वाढली आणि ती सर्व दिशांनी आलेल्या लोकांमुळे वाढली, तेव्हा या आकड्यांवरून ‘कोकणातल्या स्त्रिया तिकडे गेल्या’ असे थेट म्हणता येत नाही. पण गावे सोडणारा एकटा कमावता पुरुष आता एकटा राहिलेला नाही, त्याच्यामागून किंवा त्याच्याबरोबर घर जाते आहे, हा संशय धरण्यास जागा होती. शाळेच्या पटाशी याचा थेट संबंध होता. एकटा पुरुष गेला तर शाळेत मूल राहते. कुटुंब गेले तर राहत नाही.

पुढचे चार महिने या एका संशयाची परीक्षा घेण्यात गेले.

पहिला आक्षेप गटातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी घेतला. ते म्हणाले, “मॅडम, मोजणीच्या वेळी माणसे कुठे होती ते आधी बघा. आपल्याकडे शिमग्याला आणि गणपतीला गाव भरतो, एरवी रिकामा असतो.” आक्षेप अगदी योग्य होता. मी मोजणीचे नियम वाचले. २०११ मध्ये प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारीत घरोघर गेले आणि १ ते ५ मार्च या काळात फेरतपासणी झाली. माणूस नेहमी जिथे राहतो आणि त्या कालावधीत जिथे काही काळ तरी होता, तिथे तो मोजला जातो. गावच्या घरात नाव आहे म्हणून मुंबईत राहणारा चाकरमानी गावात धरला जात नाही. २००१ मध्येही मोजणी फेब्रुवारीतच झाली होती. मग मी दोन्ही वर्षांची पंचांगे काढली. २००१ ची फाल्गुनी पौर्णिमा ९ मार्चला होती आणि २०११ ची १९ मार्चला, म्हणजे दोन्ही वेळा होळीच्या आधीच मोजणी आटोपली होती. सणामुळे एका वर्षी गाव भरलेला आणि दुसऱ्या वर्षी रिकामा मोजला गेला, असे झाले नव्हते. मुख्याध्यापकांना हे दाखवले तेव्हा त्यांनी पंचांग स्वतः तपासले आणि मगच मान डोलावली. दुसऱ्या प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा. ऊसतोडीला जाणाऱ्या तालुक्यांत फेब्रुवारीतील मोजणीचा अर्थ फार वेगळा होतो.

मोजणीतच गळती झाली असेल का, हाही प्रश्न होता. जनगणनेनंतर नमुना पाहणी करून सुटलेल्यांचे प्रमाण काढतात आणि देशपातळीवर ते दोन्ही वेळा दर हजारी सुमारे २३ होते. जिल्ह्यासाठी असा आकडा मिळत नाही. मी ही मर्यादा टिपणात लिहिली आणि पुढे गेले.

दोन जनगणनांच्या दरम्यान जिल्ह्याच्या हद्दीत काही गावे आत-बाहेर झाली का, हे पाहणे राहिले होते. यासाठी मी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. ऑनलाइन अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. उत्तर २७ व्या दिवशी आले. मागितलेली माहिती प्रकाशित ग्रंथांत उपलब्ध आहे, एवढेच त्यात लिहिले होते. थोडे वाईट वाटले, पण जिल्हा जनगणना पुस्तिका मी नीट चाळली असती तर अर्जाची गरजच पडली नसती, हेही खरे होते. अर्ज करण्यापूर्वी काय मिळते आणि काय मिळत नाही याची खात्री करून घ्यावी. एखाद्या घराची किंवा व्यक्तीची नोंद तर १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार गोपनीयच असते. ती कोणत्याही मार्गाने मागू नये.

त्या २७ दिवसांत मी १९९१ च्या पुस्तिकेसाठी एका जुन्या ग्रंथालयात दोन खेपा घातल्या. एसटीचे भाडे आणि ६४ पानांच्या छायाप्रती मिळून ६०० रुपयांच्या आसपास खर्च झाला. नंतर कळले की जुन्या पुस्तिका स्कॅन करून जनगणनेच्या संकेतस्थळावरील डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य ठेवलेल्या आहेत. प्रवासाआधी तिथे जरूर पाहावे. तालुक्यांची तुलना १९९१ पर्यंत मागे नेणाऱ्यांना एक सूचना: दोडामार्ग तालुका तेव्हा स्वतंत्र नव्हता, त्यामुळे सावंतवाडी आणि दोडामार्ग एकत्र धरूनच तुलना करावी लागते. शहरांच्या बाबतीतही सावध राहावे. किमान ५,००० लोकसंख्या, शेतीबाहेर काम करणारे किमान ७५ टक्के पुरुष मुख्य कामकरी (वर्षातील सहा महिने किंवा अधिक काम करणारे) आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० ची घनता या तिन्ही अटी पूर्ण केल्या की ग्रामपंचायत असलेले गावही जनगणनेत ‘नगर’ ठरते, आणि मग एकही माणूस न हलता त्या तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या कमी दिसते. म्हणून मी ग्रामीण-नागरी वाढीचे वेगळे दर टिपणात दिले नाहीत.

सप्टेंबरच्या मध्यापासून खरे कठीण काम सुरू झाले. लोकसंख्या तीन कारणांनी बदलते: जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. घट ८१,७०८ ची असली तर तेवढीच माणसे बाहेर गेली, असे होत नाही. दहा वर्षांत जन्म मृत्यूंहून जास्त झाले असतील, तर ते वाढलेले लोकही कुठेतरी गेले पाहिजेत. जन्म-मृत्यूंची नोंदणी १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे, म्हणून मी आधी ते आकडे शोधले. तिथे एक मूलभूत अडचण आहे. जन्म जिथे घडला तिथे नोंदवला जातो. बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुंबईची मुलगी आणि बाळंतपणासाठी मुंबईच्या इस्पितळात नेलेली गावची सून या दोघींची बाळे उलट्या ठिकाणी मोजली जातात. या दोन जिल्ह्यांत हे दोन्ही प्रकार इतके सर्रास चालतात की जिल्ह्याच्या नोंदींवर निव्वळ स्थलांतराचा (बाहेर गेलेले आणि आत आलेले यांतील फरकाचा) हिशेब टेकवणे मला योग्य वाटले नाही. निवडक वस्त्यांतील जन्म-मृत्यू सतत नोंदवणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीचे दर अधिक भरवशाचे असतात, पण ते राज्यापुरते मिळतात. २०११ मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १६.७ आणि मृत्युदर ६.३ होता, म्हणजे नैसर्गिक वाढ वर्षाला एक टक्क्याहून किंचित जास्त.

मग मी एकच आकडा न देता किमान ते कमाल अशी कक्षा दिली. ज्या जिल्ह्यांतून तरुण जातात तिथे जन्म कमी आणि वृद्ध जास्त असतात, त्यामुळे नैसर्गिक वाढ राज्याहून कमीच असणार. ती वर्षाला ०.३ टक्के धरली तर दहा वर्षांत रत्नागिरीत सुमारे ५१ हजारांची भर पडायला हवी होती, ०.५ टक्के धरली तर सुमारे ८५ हजारांची. त्यात प्रत्यक्ष घट मिळवली की निव्वळ बाहेर गेलेल्यांची संख्या सुमारे १ लाख ३३ हजार ते १ लाख ६७ हजार येते. हे गृहीतकावर उभे असलेले गणित आहे आणि टिपणात मी ते तशाच शब्दांत, गृहीतकासह लिहिले. गटातील काहींना एकच ठसठशीत आकडा हवा होता. मी नकार दिला. निवेदन वाचणाऱ्या अधिकाऱ्याने ‘हा आकडा कुठून आला’ असे विचारले आणि आपल्याकडे उत्तर नसले, तर निवेदनातील खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडेल, अशी भीती मला वाटत होती.

ऑक्टोबरचा महिना वयांच्या तक्त्यांनी घेतला. रीत ऐकायला अवघड वाटते, पण तिच्यामागची कल्पना साधी आहे. २००१ मध्ये जी मुले १० ते १४ वयाची होती, ती २०११ मध्ये २० ते २४ ची झाली. देशभरातल्या त्या वयोगटातील किती जण दहा वर्षांनी शिल्लक राहिले, याचे गुणोत्तर काढायचे. तेच गुणोत्तर जिल्ह्याला लावायचे. आणि अपेक्षित संख्या व प्रत्यक्ष मोजलेली संख्या यांतला फरक म्हणजे त्या वयोगटातील निव्वळ स्थलांतर. गुणोत्तर देशाचे घ्यायचे, राज्याचे नाही, कारण महाराष्ट्रात बाहेरून इतके लोक येतात की राज्याचे गुणोत्तर आधीच फुगलेले असते. मी प्रथम राज्याचे घेतले होते आणि सगळा तक्ता पुन्हा करावा लागला. त्यात आठ दिवस गेले.

वय सांगताना लोक शून्य आणि पाचवर थांबतात. एकेका वर्षाचा सी-१३ तक्ता आलेखावर मांडला तर ३०, ३५, ४०, ४५ या वयांवर सुळके उभे राहतात आणि मधली वर्षे खोलगट दिसतात. सुळके किती उंच आहेत हे मोजण्यासाठी व्हिपलचा निर्देशांक वापरतात: २३ ते ६२ वयांतील शून्य किंवा पाचने संपणाऱ्या वयांच्या लोकांची बेरीज पाचने गुणून त्याच वयांतील एकूण लोकसंख्येने भागायची आणि शंभरने गुणायची. १०० आले तर वये नीट सांगितली आहेत आणि ५०० आले तर सर्वांनी गोल आकडेच सांगितले आहेत. माझ्या कामापुरता उपाय एवढाच होता की एकेका वर्षावर निष्कर्ष काढायचा नाही, पाच-पाच वर्षांचे गट घ्यायचे, आणि ‘वय सांगितले नाही’ ही शेवटची ओळ विसरायची नाही.

स्त्री आणि पुरुष यांचे वेगळे तक्ते पूर्ण झाले तेव्हा तरुण वयोगटांत दोघांचीही प्रत्यक्ष संख्या अपेक्षेहून कमी दिसत होती. १२ ऑगस्टच्या संशयाला बळ मिळाले, पण पुरावा पुरा झाला नव्हता, कारण स्त्रिया लग्नामुळेही जिल्हा सोडतात. डी मालिकेत शेवटचे वास्तव्य कुठे होते आणि जागा का बदलली, हे विचारलेले असते. काम, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत अशी कारणे असतात. देशभर स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न हेच नोंदले जाते. गावच्या मुलीने मुंबईत राहणाऱ्या गावच्याच मुलाशी लग्न केले आणि ती मुंबईला गेली, तर तिची नोंद ‘लग्न’ या रकान्यात होते. पूर्वी तीच मुलगी लग्नानंतर सासरच्या गावी राहिली असती. तक्ता या दोन परिस्थितींतला फरक दाखवू शकत नाही. हे समजायला मला बराच वेळ लागला आणि समजल्यावर टिपणातील एक परिच्छेद मी अधिक सावध शब्दांत पुन्हा लिहिला: स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त घटली, ही मोजलेली गोष्ट आहे, कुटुंबे एकत्र जात असावीत, हे त्यावरून केलेले अनुमान आहे.

नोव्हेंबरमध्ये आम्ही गावांकडे वळलो. २००१ चे गावांचे संकेतांक २०११ च्या सहा अंकी संकेतांकांशी जुळत नाहीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेली गावांची नावे दोन्ही फायलींत वेगवेगळी आहेत. जिल्हा जनगणना पुस्तिकेतील वर्णानुक्रम यादीत दोन्ही वर्षांचे संकेतांक शेजारी शेजारी दिलेले सापडले आणि काम मार्गी लागले. तरीही बुद्रुक, खुर्द आणि तर्फ असलेली गावे एकेक करून डोळ्यांनी तपासावी लागली. गावपातळीवर टक्केवारी काढण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. दोनशे वस्तीच्या वाडीतून चार कुटुंबे गेली तर दहा टक्के घट दिसते आणि ती धोरणाची बाब आहे की योगायोग, हे कोणालाच सांगता येत नाही. आम्ही टक्केवारीऐवजी ० ते ६ वयाच्या मुलांची प्रत्यक्ष संख्या दिली, कारण शाळेसाठी प्रश्न तोच होता.

१४ डिसेंबरच्या बैठकीत अकरा पानांचे टिपण वाचले गेले. एकूण खर्च प्रवास, छपाई आणि छायाप्रती धरून १,४०० रुपयांच्या आत राहिला. वेळ मात्र रोज संध्याकाळी दोन तास याप्रमाणे पाच महिन्यांहून अधिक लागला. निवृत्त मुख्याध्यापकांनी सिंधुदुर्गच्या पुरुष-स्त्रियांचा तक्ता पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला सांगितला. ५५८ आणि १८,६१६ हे आकडे ऐकल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही, आणि मग एक शिक्षिका म्हणाल्या की त्यांच्या वर्गातून गेल्या चार वर्षांत गेलेली सातही मुले आईसोबतच गेली. त्यांचे वाक्य आम्ही टिपणात घेतले नाही, कारण ते एका वर्गाचे आहे. पण शिक्षण विभागाकडे अशा नोंदी शाळावार मागाव्यात, असा ठराव त्याच बैठकीत झाला आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरून त्या काढता येतील, असे त्याच शिक्षिकांनी सुचवले.

नव्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दींतील बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच करायचे होते. त्यानंतर त्या गोठवल्या जाणार होत्या. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन्ही जिल्ह्यांतील सतराही तालुक्यांची गावयादी उतरवून घेतली, प्रत्येक गावापुढे २०११ चा सहा अंकी संकेतांक लिहिला आणि फाईलच्या नावात तारीख घालून तिच्या प्रती गटातील तिघांकडे ठेवल्या. चिपळूण आणि सावंतवाडी तालुक्यांतील काही गावांचे संकेतांक अजून जुळवायचे आहेत. ते काम सध्या रोज थोडे थोडे चालू आहे.